एन्दोजींचा तांदूळ

दवनीवाडा, ११ डिसेंबर २०२४

रंजिता,

जय भीम. वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही आणि खाली आशीर्वादही नसतील, ते शोधत बसू नकोस. तुझ्याशी फोनवर बोलणार नाही असं मी म्हटलं होतं, ते कायम आहे. पत्राबद्दल मी काही म्हटलं नव्हतं.

तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीने राजदीपच्या फुलचूरच्या घरी पिशवी पोचती केली. तुझा भाऊ रविवारी ती मोटारसायकलला लटकवून इथं घेऊन आला. दोन किलो तांदूळ, पिशवीवर डोंगराचं चित्र आणि आत तुझी चिठ्ठी: 'बाबा, माझ्या सासऱ्यांच्या शेतातला नवा तांदूळ आहे. मोजून, तपासून झालेला आहे. एक घास तरी खा.'

एकतीस वर्षं मी गोंदियाच्या राईस मिलमध्ये दाणा दाताखाली धरून ओल सांगितली आहे. मालकाने यंत्र आणलं तेव्हा यंत्र चौदा टक्के म्हणायचं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. तुझ्याही तांदळाचा एक दाणा मी सवयीने दाताखाली धरला. आखूड, पोट भरलेलं, कणी नाही, पॉलिश एकसारखं. ज्याने पिकवला त्याला शेती कळते आणि ज्याने भरडला त्याला मिल कळते, एवढं मी मान्य करतो. मग तो दाणा थुंकलो आणि तीनदा चूळ भरली.

कारण तुझ्या त्या फुकुशिमात तेरा वर्षांपूर्वी अणुभट्टी फुटली. ते विष दाताला कळत नाही, नाकाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. जे माझ्या दाताला कळत नाही त्याला मी भितो, आणि त्यात मला लाज वाटत नाही. तू तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला नर्स म्हणून गेलीस, तोवर ठीक होतं. दोन वर्षं करेल आणि परत येईल, असं मी धरून चाललो होतो. तू तिथल्याच शेतकऱ्याच्या पोराशी लग्न केलंस आणि आम्हाला फोटो पाठवलास. तेव्हा मी बोललो होतो की त्या मातीतलं अन्न तू जन्मभर खाणार असशील, तर तुझ्या हातचं पाणी मी पिणार नाही. बोललो ते बोललो.

तांदूळ वाया गेला नाही, कामी आला, एवढं सांगतो. तुझी आई बरी आहे. धान निघालं, यंदा मावा-तुडतुडा कमी होता.

सेवकराम गजभिये
(तुझा बाप. पाकिटावर पूर्ण नाव लागतं म्हणून लिहिलं.)


दवनीवाडा, २ मार्च २०२५

रंजिता,

जय भीम. तुझं पत्र लीलाधर पोस्टमनने काल आणलं. तिकिटावर लांब पायांचा पक्षी आहे, तो त्याला हवा होता. मी दिला नाही. पत्र मी त्याच्यासमोरच फोडलं, तर तो तिथून हलेना.

"मामाजी, वाचून दाखवू का?"

"मले वाचता येते."

"मंग हसून काऊन राहिले?"

मी हसत नव्हतो. एप्रिलमध्ये बाळ होणार असं तू लिहिलंस, ते वाचताना माझं तोंड तसं झालं असेल. आई बाळंतपणाला तिकडे यावी असं तू म्हणतेस. ती येईल. मी नाही म्हटलं असतं तरी ती आली असती, तिने पासपोर्ट मला न सांगता ऑक्टोबरातच काढून ठेवला आहे.

आता तांदळाचं. तुझ्या आईने तुला फोनवर सांगितलंच आहे, तर मीही सांगून टाकतो. तो तांदूळ मी कोंबड्यांना घातला. मूठमूठ करून महिनाभर. म्हटलं, बघू काय होतं. झालं असं की कोंबड्या तकतकीत झाल्या आणि दोन म्हाताऱ्या कोंबड्या, ज्यांनी दिवाळीपासून अंडं दिलं नव्हतं, त्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या. हे मी कवडूला सांगत होतो. कवडू तुला आठवतो, मिलमध्ये माझ्यासोबत होता, आता शेजारी. तो मला रोज नव्या नव्या भीती दाखवायचा, जपानात तीन पायांचे बेडूक निघाले वगैरे. पण त्या दिवशी त्याने अंगणात बसून फारच सरळ प्रश्न विचारला.

"सेवक, तांदूर तं कोंबड्यायनं खाल्ला. कोंबड्यायचे अंडे कोनं खाल्ले?"

मीच. रोज सकाळी एक, कधी दोन. मी ताबडतोब अंडी बंद केली. ती आठ दिवस बंद राहिली. नवव्या दिवशी तुझ्या आईने अंड्याचा रस्सा केला आणि मी विचार केला की जे व्हायचं ते तसंही होऊन गेलं असेल.

पण तुझ्या आईला मी सक्त ताकीद दिली आहे. ती इथून दहा किलो चिन्नोर तांदूळ घेऊन निघेल, सोबत तुरीची आणि चण्याची डाळ, पोहे, तिखट, आंब्याचं लोणचं. तिथला दाणा नाही, भाजी नाही, दूध नाही, मासा तर नाहीच. ती सगळं ऐकून घेत होती आणि पिशवीचा बंद शिवत होती. शेवटी म्हणाली, "आन हवा? हवा कोन्ती नेऊ, डब्ब्यात भरून?"

तूही तिने आणलेलाच भात खा. पोटात बाळ आहे. मी रागावलेला आहे, पण आंधळा नाही.

सेवकराम


दवनीवाडा, १६ एप्रिल २०२५

रंजिता,

जय भीम, आणि तुझ्या लेकीलाही जय भीम.

राजदीपचा फोन आला तेव्हा इथं तेरा तारीख होती. तुमच्याकडे घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथं चौदा एप्रिल लागलेली. राजदीप म्हणतो, बाबा, आपल्या हिशेबाने तेरालाच झाली. मी म्हटलं, बाळ जिथं जन्मलं तिथलंच घड्याळ धरायचं. दुसऱ्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत मी माईक मागून घेतला आणि सगळ्या गावाला सांगितलं की माझी नात बाबासाहेबांच्या दिवशी जन्मली, जपानात. बँडवाल्यांनी दोन मिनिटं नुसता धिंगाणा केला. कवडू नाचला. त्याचा गुडघा आज सुजला आहे.

मिनोरी हे नाव मी दहा वेळा म्हणून बघितलं. पीक भरून येणं असा अर्थ आहे असं राजदीपने सांगितलं. शेतकऱ्याने ठेवलेलं नाव आहे, उघड आहे. तुझ्या आईने तिची मीनू केलेली आहे, ते कोणी थांबवू शकत नाही.

तुझ्या आईने फोनवर तुझ्या सासऱ्यांचं आणखी एक सांगितलं. एन्दोजी म्हणे रोवणीच्या आधी धानाच्या बांधीत पोटॅश टाकत होते, आणि चांगला भरपूर. आम्ही इथं युरिया टाकतो, डीएपी टाकतो, पोटॅश टाकायचा म्हटलं की सगळे विसरतात. मला राहवलं नाही. मी राजदीपला म्हटलं, विचार, कायले टाकतात एवढा? राजदीपने आईला विचारलं, आईने तुला, तू जावईबापूंना, त्यांनी बापाला. उत्तर त्याच वाटेने परत आलं आणि वाटेत फारसं सांडलं नाही.

एन्दोजी म्हणाले, भट्टी फुटल्यावर शेताची वरची माती खरवडून नेली, पण ते भट्टीतलं विष, सीझियम, थोडं उरतंच. धानाच्या मुळाला पोटॅश आणि सीझियम यांतला फरक नीट ओळखता येत नाही. भुकेलं मूळ दोन्ही ओढतं. पण पोटॅशने पोट भरलेलं असलं की ते दुसऱ्याकडे वळत नाही. म्हणून दरवर्षी आधी मुळाला जेवू घालायचं.

हे मला पटलं. तू पाठवलेले शिक्के, आकडे, छापील कागद मला पटले नव्हते, हे पटलं. धान असंच वागतं. मी बांधावर उभा राहून ते कवडूला सांगितलं, तर तो म्हणाला, "मानूस बी असाच हाय." त्याला तेव्हा भूक लागली होती.

पटलं म्हणजे मी तुझा तांदूळ खाईन असं नाही. शेतकरी म्हणून पटलं, बाप म्हणून बघू.

बाळाचा फोटो मोठा करून पाठव. आलेल्या फोटोत नुसतं फडकं दिसतं.

सेवकराम


दवनीवाडा, १२ मे २०२५

रंजिता,

आज वैशाख पौर्णिमा. विहारात जाऊन आलो आणि तरी डोकं शांत नाही, म्हणून लिहितो. जे झालं त्यात तुझी चूक नाही, हे आधी लिहून ठेवतो.

शनिवारी राजदीप धापा टाकत आला. "बाबा, आईनं तिकडे वास्ते खाल्ले."

पुढचं मला तुकड्या-तुकड्याने कळलं. घरामागच्या टेकडीवर बांबू आहे, आणि तुझ्या आईला जमिनीतून वर आलेले कोवळे कोंब दिसले. आपल्याकडे वास्ते श्रावणात निघतात, तिथं वैशाखातच. सव्वा महिना तिने एन्दोजींच्या तांदळाला हात लावला नाही, दुकानातलं दूध परतवलं, मुळा परतवला. सगळं माझ्या सांगण्यावरून. पण जंगलातलं वास्तं बघितल्यावर तिचा संशय कुठल्या कुठे गेला. जंगलाचं म्हणजे चोख, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. तिने ओटीभर तोडले, सोलले, बारीक चिरले, उकळून पाणी फेकलं, चण्याची डाळ घालून भाजी केली. स्वतः दोनदा घेतली आणि तुझ्यापुढे ताट ठेवलं.

एन्दोजी शेतातून आले, पातेल्यात बघितलं आणि तुझ्यापुढचं ताट उचललं. तुझी आई त्यांच्यावर काय ओरडली तेही राजदीपने ऐकवलं: "बाळंतिनीच्या पुढचं ताट उचलते का कोनी?" तिची झाडीबोली आणि त्यांची जपानी, दोघांनाही सगळं समजलं असणार.

मग ते उरलेले कोंब घेऊन गावातल्या मोजणीच्या खोलीत गेले. तिथं म्हणे कोणीही आपल्या परसातलं, डोंगरातलं काहीही नेऊन मोजून घेऊ शकतं. किरणांची मर्यादा किलोला शंभर बेकरेल, आणि वास्ते निघाले एकशे अडुसष्ट. शेतं खरवडली, शेतांना पोटॅश घातला, पण जंगल कोण खरवडणार? पडलेली पानं तिथंच कुजतात आणि ते विष तिथंच फिरत राहतं. ज्या तांदळाला आम्ही भीत होतो तो तावूनसुलाखून निघालेला, आणि ज्यावर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवला त्याला तिथल्या पोरासोरांनीही हात लावला नसता.

त्या दिवशी मी जेवलो नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की एकदा खाल्ल्याने काही बिघडत नाही, रोज खाऊ नका. मी राजदीपला तेच तीन वेळा विचारायला लावलं. मी फोनवर बोललो नाही, राजदीपच्या शेजारी उभा राहून मोठ्याने बोललो. मग तुझी आई फोनवर आली, तेव्हा मी तो हातात घेतला. "मी बरी हाय. तुमी जेवले का?" एवढंच म्हणाली. तिच्यामागून तुझा आवाज आला, "बाबा..." आणि मी फोन राजदीपच्या हातात दिला. तो आवाज दोन दिवस माझ्या कानात आहे, हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो.

संध्याकाळी एन्दोजींनी तुझ्या आईपुढे आपल्या तांदळाच्या भाताची वाटी ठेवली. ती खजील झाली होती, तिने खाल्ला. म्हणते, "मऊ हाय, चिकट हाय, गोडसर हाय. आपल्या आंब्याच्या लोनच्यासंगं गजब लागते." आता चिन्नोर पिशवीत पडून आहे आणि बाई दोन्ही वेळ तिथला भात खाऊन राहिली. यावर मी काय बोलणार?

एन्दोजींना सांग, त्यांनी ताट उचललं ते बरं केलं. माझ्याकडून सांग.

सेवकराम


दवनीवाडा, २४ ऑगस्ट २०२५

रंजिता,

जय भीम. तुझी आई जूनमध्ये आली ती अजून तिथंच आहे असं वाटतं. उठता-बसता मीनू. येताना तिने मोजणीच्या खोलीतला तो एकशे अडुसष्टचा कागदही आणला आहे. मी चिडलो की ती तो दाखवते आणि म्हणते, तुमचं एक अन् माझं एक, फिटलं.

तुम्ही ऑक्टोबरात येता हे वाचून मी लीलाधरला पक्ष्याचं तिकीट देऊन टाकलं.

तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट मात्र मी चार-पाचदा वाचली. एन्दोजी भट्टी फुटल्याच्या पुढच्या वर्षापासून पोतं न् पोतं यंत्राखालून काढून, काही सापडलं नाही असा शिक्का घेऊन, शहरात बहिणीकडे तांदूळ पाठवायचे. ती फोनवर आभार मानायची. दोन वर्षांनी ते तिच्या घरी गेले तेव्हा पोती जिन्याखाली न उघडलेली होती आणि एक उघडलेलं होतं, ते ती बागेतल्या पाखरांना घालत होती. ते चहा पिऊन परत आले. तू लिहिलंस, 'बाबा, त्यांना राग आला नाही, फक्त तेव्हापासून ते कोणाला तांदूळ देत नाहीत. तुमच्यासाठी दोन किलो त्यांनी स्वतःहून भरून दिला होता.'

आता मी जे लिहितो ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

मला मिलमध्ये लागून महिना झाला होता, वय एकोणीस. माझ्या आईला, तुझ्या आजीला, काय करू नि काय नको झालं. तिने मुरमुऱ्याचे लाडू केले. गूळ तिला चांगला जमायचा, लाडू हातात धरला तर फुटायचा नाही आणि दाताखाली लगेच फुटायचा. ज्यांच्या बांधीत ती रोवणीला जायची त्यांच्या घरी तिने मला लाडू घेऊन पाठवलं. घरच्या बाई ओसरीवर आल्या, हसल्या, "ठेव तिथं" म्हणाल्या. वाईट काही बोलल्या नाहीत. माझी विचारपूससुद्धा केली. दुसऱ्या दिवशी सायकलवरून जाताना मी बघितलं, त्यांच्या अंगणात कोंबड्या ते लाडू टोचत होत्या. घरी आईने विचारलं, आवडले का? मी म्हटलं, खूप आवडले. ती पुढे दरवर्षी करून द्यायची आणि मी ते कवडूला खाऊ घालून यायचो.

आम्हाला कोणी तपासलं नव्हतं, चाखलं नव्हतं, तसंच बाजूला सारलं होतं. या तांदळाला तर तपासून बाजूला सारलं. आणि मी काय केलं, तर कोंबड्यांना घातला, आणि तुला 'कामी आला' असं लिहिलं. मिलमध्ये एकतीस वर्षं लोक माझ्या दाताला मानत होते म्हणून मला वाटलं, मी न चाखता नाही म्हटलं तरी चालतं. चालत नाही. मला लाज वाटते, रंजिता.

तर ऐक. तुम्ही याल तेव्हा मीनूला सहावा महिना असेल. तुझ्या सासरी शंभराव्या दिवशी बाळाला ताट नुसतं दाखवतात, ते तुझ्या आईकडून कळलं. आपल्याकडे सहाव्या महिन्यात उष्टावण करतात आणि बाळ खरंच खातं. तिच्या तोंडात पहिला घास एन्दोजींच्या तांदळाचा जाईल. आणि भिक्खूंचा वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला आपल्या विहारातली खीर यंदा आपल्या घरची, तीही त्याच तांदळाची. एन्दोजींचा नवा तांदूळ तोवर निघतो असं तू लिहिलंस. जेवढा आणता येईल तेवढा आण. मोजणीचा कागदही आण. मी गावाला आधी सांगणार आहे की तांदूळ कुठला आहे. लपवून खाऊ घालायचं नाही. कोणी खाल्लं नाही तर नाही.

यंदा मी बांधीत पोटॅश टाकला आहे. लोंब चांगली येईलसं दिसतं.

तुझा बाप,
सेवकराम


दवनीवाडा, ९ ऑक्टोबर २०२५, दुपार

चिरंजीव रंजिता,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. तू आतल्या खोलीत आहेस, मीनू झोपली आहे, जावईबापू बाहेर कोंबड्यांशी जपानीत बोलत आहेत. तरी मी लिहितो, कारण जे बोलायचं आहे ते कागदावर मला आता सवयीचं झालं आहे.

परवाचं विहारातलं तू सगळं बघितलंस, पण तू बाळाला घेऊन मागे बसली होतीस, म्हणून पुढचं मी सांगतो.

खीर बिघडली ती कवडूमुळे. मी त्याला सांगितलं होतं की हा तांदूळ आखूड आहे, दूध जास्त लागेल. तो म्हणाला, मी चाळीस वर्षं खीर करून राहिलो. त्याने नेहमीच्या मापाने तांदूळ घातला आणि दुपारपर्यंत खिरीच्या मोठ्या गंजात वाढायचा डाव उभा राहिला. हात सोडला तरी पडेना. मी विहारात उभा राहिलो तेव्हा माझ्यासमोर शंभर-सव्वाशे माणसं होती आणि बाजूला ती खीर, कापायला सुरी लागली असती.

मी सांगितलं, हा तांदूळ माझ्या व्याह्यांचा आहे, फुकुशिमाचा. तिथं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. हा कागद, यात लिहिलं आहे की मोजलं आणि काही सापडलं नाही. आणि गेल्या डिसेंबरात मी यांचाच तांदूळ कोंबड्यांना घातला होता, हेही तुम्हाला माहीत असावं. मग मी डाव ओढून काढला आणि सगळ्यांच्या समोर एक घास खाल्ला. गोड लागला. नुसता साखरेचा गोड नाही, दाण्याचा स्वतःचा. एकतीस वर्षं मी तांदूळ चावून थुंकत आलो, हा गिळला.

कोणी हललं नाही. मला वाटलं, आता हे सगळे हसतील आणि 'ठेव तिथं' म्हणतील.

तेव्हा कवडू उठला. मला तीन पायांचे बेडूक दाखवणारा कवडू. कागद हातात घेऊन त्याने उलटा-सुलटा बघितला आणि मोठ्याने म्हणाला, "एवढं मोजून आपल्याले कवा कोनं खाऊ घातलं, बाप्पा? आपल्या वांग्यावर किती फवारे मारतो, कोनी मोजते का?" लोक हसले. मग धनवंता आजी पुढे आली, जंगलाकडची, नव्वदीची, जिला दात नाहीत. तिने द्रोण धरला, डावातून खीर सुटेना, तर तिने हातानेच घेतली, तळव्यावर गोल केली आणि तोंडात टाकली.

"का जी सेवकराम," ती म्हणाली, "खीर म्हनून बोलावलं आन लाडू देऊन राहिला."

मग सगळ्यांनी तसंच केलं. पोरं, बाया, बुढे, सगळे हातावर लाडू वळून खात होते. तू मागून बघत होतीस आणि तुला वाटलं असेल की बाबा चुलीचा धूर डोळ्यात गेला म्हणून डोळे पुसून राहिले. धूर नव्हता. शेवटी गंज खरवडायलाही काही उरलं नाही, आणि जावईबापूंनी रिकाम्या गंजाचा फोटो काढून बापाला पाठवला. एन्दोजींचं उत्तर काय आलं ते तू मला सांगितलंस: पुढच्या वर्षी जास्त रोवतो.

उष्टावणाला राजदीपने मामाचा मान सोडला. "बाबा, तुमीच भरवा." बोटभर मऊ भात मी तिच्या ओठाला लावला. तिने तो जिभेने आत-बाहेर केला, दोन नव्या दातांनी चावला आणि माझ्याकडे बघितलं. दाणा पारखायची तऱ्हा माझी आहे. ओल किती ते सांगितलं नाही, पण सांगेल.

आता मुख्य गोष्ट.

तीन तारखेला तू आलीस. उंबऱ्यात पाय ठेवल्याबरोबर बॅग खाली ठेवलीस, माठातून पेलाभर पाणी काढलंस आणि माझ्यापुढे धरलंस. मी म्हटलं, "ठेव तिथं." माझ्याच तोंडातून ते निघालं आणि मला ऐकू आलं. तू पेला ठेवलास, हसलीस, पाया पडलीस. तो पेला तसाच राहिला. त्यानंतर तू मला पाणी विचारलेलं नाहीस. तुझी आई देते, राजदीप देतो. घरात सगळ्यांनी बघितलं आहे. भात खाणं सोपं होतं, तो एन्दोजींचा होता आणि समोर सारं गाव होतं. पाणी तुझ्या हातचं आहे आणि ते पिणार नाही असं बोललेला मीच आहे.

परवा तुम्ही निघाल. इतकी माणसं माझ्या हातचं खाऊन गेली आणि माझ्या लेकीच्या हातचं पाणी या घरात तसंच पडून राहिलं, असं मला नको आहे. दोन वर्षांपूर्वी मी जे बोललो ते मी परत घेतो. ते बोलायला नको होतं. तू कुठल्याही मातीतलं खा, तू माझी लेक आहेस, आणि मला तुझ्यावाचून फार जड गेलं.

अनेक आशीर्वाद. डिसेंबरातल्या पत्रातले, मार्चातले, सगळे मिळून.

लिहिणं थांबवतो. तहान लागली आहे. माठ माझ्या उजव्या हाताला आहे, बसल्या जागी हात पुरतो. पण मी आता तुला हाक मारणार आहे. हे पत्र तू वाचशील तेव्हा माझं पाणी पिऊन झालेलं असेल.

तुझा,
बाबा